मदत कमी, माणसं जास्त: आधी कोणाला आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा. पुरानंतर एका स्वयंसेवी गटाकडे शिध्याची दोन हजार किटं आली आहेत. एक किट पाच माणसांना दहा दिवस पुरेल असं बांधलेलं. बाधित कुटुंबं मात्र पाच हजार, आणि त्यातली सहाशे वाहून गेलेल्या पुलाच्या पलीकडे. हाताशी सहा छोटे टेम्पो. गटातला इंजिनिअर म्हणतो, कमीत कमी वेळात जास्तीत जास्त घरं होतील असं वेळापत्रक संगणकावर काढू. तिथले ज्येष्ठ म्हणतात, सगळ्यांना सारखं द्या, नाहीतर उद्या एकमेकांची तोंडं बघायची चोरी होईल. विचारणाऱ्याला हवंय ते एवढंच: दोघांपैकी ऐकायचं कोणाचं?

गोदामाच्या दारापासून रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंतचा जो टप्पा असतो, त्यातच माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो. हे दोघं एकाच प्रश्नावर भांडत नाहीयेत. इंजिनिअर सांगतोय माल कसा न्यायचा ते. ज्येष्ठ सांगताहेत कोणाला किती द्यायचं ते. तिसरा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही: कोणाच्या हाती आत्ता काहीच नाही आणि असं किती वेळापासून आहे? माझ्या हिशोबात सुरुवात इथून होते. आधी एक किमान ठरवायचं, जगायला लागतं तेवढं. ते प्रत्येकापर्यंत ठरावीक वेळेत गेलंच पाहिजे, जागा कितीही अडचणीची असो. ते झालं की उरलेला माल गरजेप्रमाणे. काटकसर आणि हुशारी सगळी वाहतुकीत दाखवायची, कोणाला वगळायचं ते ठरवताना नाही.

हे सगळीकडे जसंच्या तसं लागू होतं असं मात्र नाही. पुढचा माल कधी येणार यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. तीन दिवसांत दुसरी खेप नक्की येणार असेल तर आज सगळ्यांना थोडं थोडं देणं शहाणपणाचं. पंधरा दिवस काहीच येणार नसेल तर ज्यांची सोय दुसरीकडून होऊ शकते त्यांना बाजूला ठेवावं लागतं, आणि ते अवघड असलं तरी मोकळेपणानं सांगावं लागतं. दुकानं उघडी आहेत का, रस्ता किती दिवस टिकेल, लोक छावणीत आहेत की नातेवाइकांकडे विखुरलेले, यानंही उत्तर बदलतं. त्यामुळे खालचे आकडे तुमच्या प्रश्नातल्या परिस्थितीपुरते धरा.

आता 'सारखं' म्हणजे काय ते बघू. दोन हजार किटं, प्रत्येकात पाच माणसांचे दहा दिवस, म्हणजे एक लाख माणूस-दिवसांचा शिधा. पाच हजार कुटुंबं म्हणजे अंदाजे पंचवीस हजार माणसं. भागाकार केला की प्रत्येकाला चार दिवस. धान्य, डाळ, तेल सुटं करता येतं, मोजून देता येतं, आणि चार दिवसांचा शिधाही पोटाला लागतोच. त्यामुळे अन्नाच्या बाबतीत ज्येष्ठांचं म्हणणं चांगलं बसतं. किटं फोडावी लागतील, पुन्हा बांधावी लागतील, त्यात एक रात्र जाईल. जाऊ दे.

हाच न्याय ताडपत्रीला लावून बघा. मदतकार्यात सर्रास वापरली जाणारी ताडपत्री चार मीटर बाय सहा मीटरची असते. पाच कुटुंबांत दोन ताडपत्र्या असतील तर प्रत्येकाला पाचातले दोन हिस्से कापून द्यायचे का? मग कोणाच्याच डोक्यावर छप्पर नाही. जी वस्तू तोडली की निकामी होते तिचं समान वाटप होऊच शकत नाही. तिथे क्रम लावावा लागतो. घर पूर्ण पडलेले आधी, त्यातही तान्ही बाळं, बाळंतीण, आजारी, म्हातारी माणसं असलेली घरं आधी. एवढं करूनही दोन घरं अगदी बरोबरीत आली तर मी सगळ्यांदेखत चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठी म्हटलं की काहींना जबाबदारी झटकल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. गरज सारखी आणि वस्तू एकच असेल तेव्हा उघड्यावर काढलेली चिठ्ठी कोणाच्याही 'अंदाजा'पेक्षा बरी, कारण तिथे वशिला चालत नाही.

तिसरा प्रकार थोड्यांनाच लागणाऱ्या, पण न मिळाल्या तर जिवावर बेतणाऱ्या वस्तूंचा. इन्सुलिन हे सरळ उदाहरण. ते ना सगळ्यांत वाटायचं, ना रांगेत द्यायचं. ते माणूस शोधत जायला हवं. भूकंपात ढिगाऱ्याखाली स्नायू चिरडलेल्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि मग त्यांना डायलिसिस लागतं. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात ही गोष्ट इतकी ठळकपणे समोर आली की त्यानंतर मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं आपत्तीसाठी वेगळं पथकच उभारलं. अशा गरजा 'प्रति कुटुंब' या मापात कधीच दिसत नाहीत. त्यासाठी यादीत एक वेगळा रकाना लागतो: रोजचं औषध कोणाला चालू आहे?

म्हणून पहिलं काम, गोदामातल्या मालाचे हे तीन ढीग करा. मोजून देता येणारं, तोडून वाटता न येणारं आणि माणूस बघून द्यायचं. तीन ढिगांना तीन नियम. 'समान की गरजेनुसार' हे भांडण निम्म्याहून जास्त वेळा इथेच मिटतं, कारण एक जण धान्य डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो आणि दुसरा तंबू.

किमान किती धरायचं? यासाठी दरवेळी नव्यानं डोकं लढवायची गरज नाही. मदतसंस्थांनी मिळून १९९७ साली 'स्फिअर' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्यातून मापं ठरली. माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी अन्न, १५ लिटर पाणी, ३.५ चौरस मीटर छताखालची जागा. एका नळावर २५० माणसं, पाण्याचं ठिकाण घरापासून ५०० मीटरच्या आत. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, पण बोलायला एक पाया मिळतो. पाण्याच्या बाबतीत अगदी तळाची पातळीही त्यात आहे. पिण्यासाठी आणि जेवणातून माणशी दिवसाला सुमारे अडीच ते तीन लिटर.

या आकड्यांचं वजन करून बघा, मग टेम्पो कशासाठी वापरायचे ते कळेल. कोरडा शिधा माणशी दिवसाला साधारण अर्धा किलो. पंचवीस हजार माणसांचे झाले साडेबारा टन. पाणी १५ लिटरनं धरलं तर तीन लाख पंचाहत्तर हजार लिटर, म्हणजे ३७५ टन, अन्नाच्या तीसपट. दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज अडतीस खेपा. नुसतं पिण्यापुरतं तीन लिटर धरलं तरी आठ खेपा. पाण्याच्या बाटल्या वाहून नेण्यात टेम्पो अडकवणारे गट मी नेहमी बघतो. फोटोत छान दिसतं, आणि पहिल्या दिवशी दुसरा इलाज नसेल तर तेही करावं लागतं. पण त्याच टेम्पोत पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, झाकणाच्या बादल्या आणि गाळायचं कापड गेलं तर किती तरी जास्त माणसांची सोय होते. गोळ्या पाठवल्या आणि बादल्या गोदामात राहिल्या, असं मात्र होऊ देऊ नका. गोळी किती लिटरला ते मोजायला भांडं नसेल तर लोक ती वापरत नाहीत किंवा अंदाजानं टाकतात. या दोन्ही वस्तू एकाच गाडीत, शेजारी शेजारी चढवा.

आता तुमच्या सहा टेम्पोंकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे.

एका टेम्पोत एक टन माल बसतो असं धरू. पाच माणसांच्या घराचा चार दिवसांचा शिधा दहा किलो, म्हणजे एका खेपेत शंभर घरं. अलीकडच्या काठावर ४,४०० घरं, तिथे एका टेम्पोच्या दिवसाला चार खेपा होतात. पलीकडे ६०० घरं, लांबच्या वळणानं जावं लागतं, तिथे दिवसाला एकच खेप.

इंजिनिअरचं वेळापत्रक असं येईल. पहिल्या दिवशी सहाही टेम्पो अलीकडे, चोवीस खेपा, २,४०० घरं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या वीस खेपांत अलीकडचं काम संपलं. एक टेम्पो मोकळा झाला, तो पलीकडे गेला, शंभर घरं. तिसऱ्या दिवशी उरलेल्या पाचशे घरांकडे पाच टेम्पो. घरटी सरासरी वाट बघणं सगळ्यात कमी. कागदावर यात खोट काढता येत नाही. फक्त पलीकडची पाचशे घरं तिसऱ्या दिवसापर्यंत रिकाम्या हातानं बसलेली आहेत.

यावर लोकांची पहिली प्रतिक्रिया असते, मग दोन टेम्पो पहिल्यापासून पलीकडे लावून टाका. करून बघा. अलीकडे रोज सोळा खेपा, ४,४०० घरांना तीन दिवस. पलीकडे रोज दोनशे घरं, तीन दिवस. काम तिसऱ्याच दिवशी संपलं, पण आता अलीकडची १,२०० घरंही तिसऱ्या दिवसापर्यंत ताटकळली आणि पलीकडच्याही दोनशे घरांना तिसरा दिवस उजाडला. दिसायला न्याय्य, हाती फारसं काही नाही.

मी काय करतो ते सांगतो. पहिल्या दिवशी एकच टेम्पो पलीकडे पाठवायचा, पण शंभर घरांचा पूर्ण शिधा घेऊन नाही. सहाशेच्या सहाशे घरांसाठी थोडं थोडं घेऊन. एक टन भागिले सहाशे, घरटी दीड किलोच्या वर. लगेच खाता येईल असं काही, ओआरएसची पाकिटं, पाण्याच्या गोळ्या. एका दिवसाची भूकही यात पुरती भागत नाही हे खरं. पण शून्य आणि काहीतरी यांच्यातलं अंतर फार मोठं असतं. बाकीचे पाच टेम्पो अलीकडे, वीस खेपा, दोन हजार घरं. दुसऱ्या दिवशी सहाही टेम्पो अलीकडे, चोवीस खेपा, २,४०० घरं, अलीकडचं काम संपलं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरांचा उरलेला पाच टन.

किंमत काय मोजली? अलीकडच्या चारशे घरांना पहिल्याऐवजी दुसऱ्या दिवशी शिधा मिळाला. शिवाय पलीकडच्या ज्या शंभर घरांना दुसऱ्या दिवशी पूर्ण शिधा मिळाला असता, त्यांना तो तिसऱ्या दिवशी मिळाला. एवढंच. बदल्यात सहाशे घरांपैकी एकही घर दोन-दोन दिवस अगदी कोरडं राहिलं नाही. परवडत असेल आणि पाणी चढायची भीती असेल तर पहिल्या दिवशी एकाऐवजी दोन टेम्पो पाठवा, हिशोब तसाच करून बघा. मुद्दा असा की किमान पोहोचवणं वाटतं तितकं महाग नसतं. महाग असतं ते आडवळणाच्या जागी पहिल्याच दिवशी 'पूर्ण' देण्याचा हट्ट.

पहिल्या दिवशीच्या त्या टेम्पोचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या मते तो शिध्याइतकाच मोलाचा. तो परत येताना माहिती आणतो. खरंच सहाशे घरं आहेत की चारशे, जुलाब सुरू झालेत का, कोणाला इन्सुलिन लागतंय, रस्ता उद्या चालेल का. ड्रायव्हरसोबत एक जाणता माणूस आणि एक वही पाठवाच.

वेळापत्रकाचं गणित करणाऱ्यांना यातली अडचण ठाऊक आहे. तहानलेल्या माणसाचा दुसरा दिवस पहिल्या दिवसाच्या दुप्पट वाईट नसतो, कितीतरी पट वाईट असतो. सरासरी काढली की हे पुसलं जातं. दहा माणसांनी एकेक दिवस वाट बघणं आणि एकानं दहा दिवस बघणं सरासरीत सारखंच. म्हणून इंजिनिअरला एवढंच सांगा: सॉफ्टवेअर जरूर वापर, पण 'एकूण किती घरं झाली' हे ध्येय देऊ नकोस. प्रत्येक ठिकाणाला शेवटची मदत पोहोचून किती तास झाले हा रकाना धर, तास वाढतील तसं वजन चढत्या पटीनं वाढव, आणि 'एका दिवसाच्या आत प्रत्येक ठिकाणी किमान' ही अट घाल. अशा अटीनं एकूण कामगिरीत जी घट येते, तिचा आकडाही सॉफ्टवेअरमधून काढून घे. तो समोर असला की चर्चा भावनेवर न होता व्यवहारावर होते.

संगणकाची खरी मर्यादा वेगळीच आहे. त्याला जे आकडे द्याल त्यावरच तो चालणार, आणि आपत्तीत सगळ्यात जास्त माहिती सगळ्यात कमी मार खाल्लेल्या जागेवरून येते. जिथे फोन चालतो, रस्ता आहे, बोलणारा पुढारी आहे, तिथून मागणी येते. जिथून काहीच येत नाही ते गाव एकतर ठीक आहे किंवा पार कोलमडलेलं आहे. कोणतं ते कळेपर्यंत मी दुसरं गृहीत धरतो. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचं केंद्र गोरखा जिल्ह्यात होतं, पण सर्वात जास्त माणसं दगावली ती सिंधुपालचोकमध्ये. नकाशावरचा ठिपका आणि गरजेचं ठिकाण एकच असेल असं धरून गाड्या वळवू नयेत.

त्याच भूकंपात दुसरी गोष्टही दिसली. काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच, आणि ती खराब होऊ लागल्यामुळे मोठ्या विमानांना उतरायची बंदी घालावी लागली. जगभरातून माल निघाला तरी चिंचोळ्या तोंडाची बाटली जेवढं बाहेर सोडेल तेवढंच पुढे जातं. तुमच्याकडे ते तोंड म्हणजे सहा टेम्पो आणि एक वळणाचा रस्ता. त्यातून काय जाऊ द्यायचं हाच वाटपाचा पहिला निर्णय, आणि तो गोदामातच होतो.

नको असलेला माल अडवणं हेही म्हणूनच वाटपाचं काम आहे. आर्मेनियाच्या त्या भूकंपानंतर औषधं आणि वैद्यकीय साहित्य मिळून निदान ५,००० टन आलं. त्यातलं लगेच वापरता येण्याजोगं होतं साधारण ३० टक्के, आणि शेवटी २० टक्के नष्ट करावं लागलं. बोस्नियात १९९२ ते १९९६ या काळात आलेल्या औषधांपैकी अंदाजे १७,००० टन निरुपयोगी होती. असे अनुभव बघून जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्ये दान केलेल्या औषधांसाठी नियम केले. पोहोचताना औषधाची निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, हा त्यातला एक. तुमच्याकडे वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे येतील, ते दारातच बाजूला लावा. वाईट वाटून घेऊ नका, देणाऱ्याला 'आता हे नको, ते हवंय' असं स्पष्ट सांगा. माल लावताना आधी आलेला आधी बाहेर असा सरधोपट नियम नको. ज्याची मुदत आधी संपते तो आधी.

आता यादी. सगळी बोंब शेवटी यादीवरून होते.

'घरटी एक किट' हा नियम सोपा आहे म्हणून सगळे तो लावतात. पाच माणसांच्या मापाचं किट दोन माणसांच्या घरात गेलं की त्यांना अडीचपट मिळालं. आठ माणसांच्या घरात गेलं की गरजेच्या जेमतेम बासष्ट टक्के. आणि नेमकं गरिबाचं घर मोठं असतं. दोन दिवसांत लोक शहाणे होतात. एका चुलीवर जेवणारं घर कागदावर तीन घरं होतं. त्यांना लबाड म्हणून उपयोग नाही, नियमच त्यांना तसं करायला लावतो. खाण्याच्या वस्तू माणशी द्या, ताडपत्री-भांडी घरटी. माणशी मोजून देत बसलात तर रांग हलत नाही, म्हणून पुड्या दोन मापांच्या बांधा. तीन माणसांपर्यंत छोटी, सहापर्यंत मोठी, त्याहून मोठ्या घराला दोन्ही. एवढ्यानं बराच फरक पडतो.

यादीत कोण सुटतं हे साधारण ठरलेलं असतं. छावणीत न येता नातेवाइकांकडे राहिलेले. भाडेकरू, कारण घर मालकाच्या नावावर. कामासाठी बाहेरून आलेले, कारण तिथले म्हणून त्यांना कोणी धरत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका, कारण त्यांचं नाव मुलाच्या घरात घातलेलं आणि मुलगा दुसऱ्या गावी. अंथरुणाला खिळलेली माणसं, कारण नाव नोंदवायला 'समक्ष या' असं सांगितलेलं. मी यादी झाली की ती मोठ्यानं वाचून दाखवायला लावतो, चारचौघांत. आणि विचारतो, "यात कोण राहिलं?" कोण उगाच आहे, हे विचारत नाही. ते विचारलं की जुनी वैरं बाहेर येतात. कोण राहिलं हे विचारलं की शेजारीच नावं सांगतात.

चुका दोन्ही बाजूंनी होणारच. गरज नसलेल्याला मिळणं आणि गरज असलेल्याला न मिळणं. पहिल्या आठवड्यात, शिध्यापुरती, मी पहिली चूक खुशाल पत्करतो. दोन घरांना जास्त गेलं तर दहा-दहा किलो धान्य गेलं. एक घर सुटलं तर त्याची भरपाई नंतर होत नाही. तंबू, घरबांधणीचं सामान अशा महागड्या आणि मोजक्या वस्तूंना मात्र तपासणी कडक हवी.

प्रत्यक्ष वाटपाच्या जागेबद्दल थोडं बारकाईनं, कारण चांगली योजना शेवटच्या दहा मीटरमध्ये ढासळते. गाडी गर्दीच्या चौकात उभी करून वरून पुडे फेकणं हा वाटपाचा सगळ्यात वाईट प्रकार. दणकट तरुणांना चार, म्हातारीला धक्के. गाडी आडोशाला रिकामी करा. आदल्या दिवशी टोकन द्या, त्यावर वेळ लिहा, म्हणजे पाचशे माणसं सकाळी सहाला येऊन उभी राहत नाहीत. दोरी बांधून आत जायचा रस्ता एक, बाहेर पडायचा दुसरा. पहिल्या टेबलावर टोकन आणि नाव, दुसऱ्यावर पुडा, तिसऱ्यावर सही किंवा अंगठा. पुडा हातात आल्यावरच अंगठा, आधी नाही. आत येताना दिसेल अशा जागी एक फळा: आज कोणाला, काय, किती, आणि पुढचं वाटप कधी. कोणीतरी फळा वाचून 'मला तेल कमी मिळालं' असं म्हणू शकला पाहिजे. बाहेर पडायच्या वाटेवर तक्रारीचं टेबल, आणि तिथे वाटप करणारा माणूस बसवायचा नाही. गरोदर बायका, अपंग, म्हातारे यांची रांग वेगळी, आणि ओझं घरापर्यंत न्यायला दोन पोरं.

कूपन कोणाच्या हाती द्यायचं हाही विचाराचा भाग. हैतीत १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर सुरुवातीच्या वाटपात धक्काबुक्की व्हायची. महिनाअखेरीला जागतिक अन्न कार्यक्रमानं पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये ठरावीक केंद्रं उघडली आणि तांदळाची कूपनं फक्त बायकांना दिली. घरात अन्न शिजवणाऱ्याच्या हातात पडलं की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी लागायची शक्यता वाढते. मात्र बाई जड पोतं घेऊन एकटी निघाली की तिला वाटेत गाठणं सोपं जातं. कूपन तिच्या नावानं ठेवा, पण ओझं उचलायला कोणी बरोबर येऊ द्या, आणि वाटप दिवसाउजेडी संपवा.

बाजार चालू असेल तर शिध्याऐवजी रोख पैसे द्यायचा विचार जरूर करा. लोक आपल्याला हवं ते घेतात आणि तुमचे टेम्पो मोकळे होतात. पण दुकानात मालच नसताना पैसे वाटले तर फक्त भाव चढतात. पूल तुटलेल्या बाजूला आज तरी मी रोख देणार नाही.

एक शेवटचा आकडा. सगळाच्या सगळा माल वाटून टाकू नका. चार दिवसांच्या हिशोबाऐवजी साडेतीन दिवसांचा द्या, आठवा हिस्सा हाती ठेवा. यादीत सुटलेली घरं पुढच्या दोन दिवसांत हमखास समोर येतात आणि तेव्हा देण्यासारखं काही नसेल तर तक्रारीच्या टेबलाला अर्थ राहत नाही. पलीकडच्या काठाला या राखीवमधून जास्त दिवसांचा शिधा देता येतो, कारण तिथे पुढची गाडी कधी पोहोचेल याचा भरवसा नाही. हे राखीव किती आहे आणि कशासाठी आहे हेही फळ्यावर लिहा, नाहीतर संध्याकाळपर्यंत 'गोदामात दडवून ठेवलंय' अशी आवई उठते.

मदत फक्त गरज बघून द्यायची, जात-धर्म-पक्ष बघून नाही, हे रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ च्या आचारसंहितेत लिहून ठेवलं आहे. तत्त्व कोणी नाकारत नाही. ते मोडतं ते गडबडीत, एखादा वजनदार माणूस गोदामात येऊन 'आमच्या वस्तीला आधी' म्हणतो तेव्हा. त्या वेळी नियम तोंडी असेल तर तुम्ही वाकता. तोच आदल्या रात्री लिहून, ज्येष्ठांच्या सह्या घेऊन भिंतीवर लावलेला असेल तर बोट दाखवायला जागा असते. म्हणून आज रात्री दोघांनाही एकाच टेबलाशी बसवा. ज्येष्ठांनी किमान किती, क्रम काय आणि यादीत कोण राहिलं ते सांगायचं. इंजिनिअरनं त्या अटी घालून टेम्पोंच्या खेपा लावायच्या. किटं फोडायला तोवर माणसं लावून टाका, आणि पलीकडे जाणारा पहिला टेम्पो पहाटे निघेल असा भरून ठेवा.